अमरावती ते अकोला, मुक्कामी

१ डिसेंबर २०२४, रविवार. राजापेठ, अमरावती.
गाडी चालली: अजून नाही.

सांगते मी, अन् लिहिते माही सून रागिणी. मले अक्षर येत नाही. रागिणी अकोल्याले शाळेत मराठी शिकवते, म्हणून माह्या बोलण्याले इस्त्री करून लिहिते. मी म्हटलं, कर बाप्पा, पण लय गरम करू नको, कापड जळते.

वही डॉक्टरनं सांगितली म्हणे. रोज लिहायचं: गाडी किती चालली, हे किती वेळ शांत बसले, काय खाल्लं, किती वेळा उठले, कोणत्या नावानं हाक मारली की वळतात. हे शेवटचं मले समजलं नाही. डॉक्टरले नाव कायले पायजे? गोळी का नाव घेऊन देते?

'हे' म्हणजे माहे मालक, भगवंतराव. चौतीस वर्षं एस.टी. चालवली. आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. दोन वर्षांपासून डोक्यातली एकेक खिडकी लागून राहिली. मागच्या महिन्यात सकाळीच राजापेठच्या चौकात उभे राहिले अन् क्लासले जाणाऱ्या पोरीची स्कूटी अडवून म्हणाले, "ही गाडी डेपोत लाव." दिवाळीत मले घरात ठेवून बाहेरून कुलूप घातलं, अन् शेगडीवर दूध. गॅस चालूच. शेजारच्या बेबीताईनं कुलूप तोडलं तेव्हा पातेलं काळं झालं होतं अन् मी खोकून राहिली होती. एवढं मोठं काही नव्हतं ते. किशोरनं मोठं केलं.

किशोर आमचा एकुलता एक. नोकरीनं अकोल्याले रायते. त्याचा दोस्त तौहीद गाड्यांच्या बॉड्या बांधते. त्यानं एका जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचं घर केलं आहे: दोन पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, संडाससुद्धा. किशोर म्हणते, "बाबाले त्याईचे जुने रस्ते दाखवू. मोर्शी, परतवाडा, सेमाडोह, अंजनगाव, अकोट. मंग अकोल्याले तौहीदची गाडी परत करू, अन् तू राहा आमच्याजवळ."

मी म्हटलं, "तुमी राहा म्हण. आमी दोघं आहोत."

तो मोबाईलवर नकाशा पाहत बसला.

रोज किती चालायचं यावरून भांडण झालं. तो म्हणे, शंभर किलोमीटर सहज होते. मी म्हटलं, तुह्या गाडीले होते, तुह्या बापाले होत नाही. शेवटी ठरलं, किती ते मी सांगीन. काहून का हे बिघडले की आधी माह्यावर ओरडतात. मीच त्याईचं थर्मामीटर.

रागिणीनं यांचे शर्ट भरले. कॉलरच्या आत काळ्या पेनानं नाव लिहिलं, एकेकावर. बारा शर्ट. मी म्हटलं, "पाच दिवसाले बारा? अन् नाव कायले वं? सासऱ्याले वसतिगृहात घालून राहिली का?" हासली नाही. तिले हासू उशिरा येते.

२ डिसेंबर, सोमवार. मोर्शी.
गाडी चालली: ५६ किलोमीटर.

निघतानाच अडलं. हे किशोरच्या बाजूच्या सीटवर बसले अन् त्याचा हात धरला. "बेल कुठी झाली? बेल नाही तं गाडी हालत नाही."

आता हे ज्याले माहीत नाही त्याच्यासाठी लिही. एस.टी.त कंडक्टर दोरी ओढते. एक बेल, थांबा. दोन बेल, चला. डबल बेलशिवाय ड्रायव्हर गाडी काढत नाही, मंग समोर मंत्री का उभा राहीना. मी पेल्यावर चमचा मारला, टण टण. हे म्हणाले, "चला." अन् किशोरचा हात सोडला. चौतीस वर्षांत मी यांची गाडी कधी हालवली नव्हती. आज चमच्यानं हालवली.

सव्वा तास चांगले बसले. मंग पाय आपटायला लागले, स्टेअरिंग दे म्हणाले, किशोरले शिवी दिली. मी पेला वाजवला, टण. म्हटलं, "मुक्काम आला."

पाण्यानं इस्तू विझावा तसे शांत झाले. संत्र्याच्या एका बागेच्या कडेले गाडी लावली. यांनी उतरून चारी चाकाले लाथ मारून पाहिली, पाय धुतले अन् दारात बसले.

मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी शेवटची गाडी गावाले जाते, तिथीच थांबते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपतात अन् सकाळची पहिली गाडी घेऊन परत येतात. माह्या संसारातल्या अर्ध्या रात्री अशा मुक्कामाले गेल्या. मी डबा बांधायची, वळकटी द्यायची. हे दारात कधी "जातो" म्हणाले नाहीत. म्हणायचे, "सकाळची पहिली गाडी घेऊन येतो." बस, एवढंच प्रेम.

मोर्शीत एक बाई यांले संत्री द्यायची म्हणे. आज मी सगळ्या बागेत नजर फिरवली. कोणी म्हातारी निघाली नाही. वाचले हे.

४ डिसेंबर, बुधवार. सेमाडोह.
गाडी चालली: ४६ किलोमीटर. (काल परतवाडा, ५७. काल लिहायसारखं काही नव्हतं, हे दिवसभर झोपले.)

जंगलाचा घाट लागला अन् हे सरळ झाले. हात असे धरले जसं चाक हातात आहे. किशोरले म्हणाले, "दुसऱ्यात घे. वळणावर हॉर्न दे. पलीकडून कोण येते ते झाडाले माहीत असते, तुले नाही." किशोरनं दुसऱ्यात घेतली. गाडी कशी लोण्यासारखी चढली. मी पाहिलं तं किशोरच्या डोळ्यात धूळ गेली होती. काचा बंद होत्या.

संध्याकाळी थंडी पडली. हे एकदम म्हणाले, "जमुना, खिडकी लाव."

रागिणी, तारीख मोठ्या अक्षरात काढ. भाद्रपदानंतर पयल्यांदा माहं नाव घेतलं. मी खिडकी लावली अन् मुद्दाम थोडी उघडी ठेवली, की पुन्हा म्हणतील. म्हणाले नाहीत.

६ डिसेंबर, शुक्रवार. अंजनगाव.
गाडी चालली: काल परत परतवाडा ४६, आज २८.

दुपारी हे जेवून पडले. किशोर पानमळ्याच्या बांधावर फोनवर बोलून राहिला होता. मी भांडे घासायले गेली होती, ऐकायले नाही. ऐकू आलं.

"रविवार नाही जमणार. गुरुवारपर्यंत ती जागा धरून ठेवा. कोणाले देऊ नका. हाव, शर्टावर नावं टाकली. वही लिहिणं चालू आहे."

लॉजचं बोलत असन. पण आमी गाडीत झोपतो, लॉज कायले? अन् लॉजवाल्याले वही कायले?

रागिणी, थांबली काहून? लिही. किशोर लॉजचं बोलून राहिला होता, असं लिही.

८ डिसेंबर, रविवार. अंजनगाव.
गाडी चालली: नाही.

काल बी नाही चालली. यांचं पोट बिघडलं.

रागिणी म्हणते, "आई, बाबांनी सकाळी दोन भाकरी खाल्ल्या." मी म्हटलं, वही कोणाची? माही. मंग पोट बिघडलं लिही.

इथचे पानमळे थंडगार आहेत. यांले वेलीमधून फिरवलं. एक पान तोडून मले दिलं अन् म्हणाले, "ताई, घ्या." चाळीसएक वर्षं चुना लावलेलं पान मागून मागून थकली, तेव्हा नाही दिलं. आज दिलं तं ताई करून दिलं. घेतलं मी. चावलं. तिखट होतं.

९ डिसेंबर, सोमवार. अकोट.
गाडी चालली: २९ किलोमीटर.

इथून अकोला पंचेचाळीस आहे म्हणते किशोर. "उद्या एका तासात पोचतो, माय."

"तास लय होते."

"मागच्या हप्त्यात दीड तास चालत होतं तुले."

"तेव्हा रस्ता वेगळा होता."

त्यानं माह्याकडे पाहिलं. मी यांची वळकटी झटकत होती. झटकायसारखं तिच्यात काही नव्हतं.

१० डिसेंबर, मंगळवार. चोहोट्टा बाजार.
गाडी चालली: १९ किलोमीटर.

मी अर्ध्या तासातच पेला वाजवला. यांले काही झालं नव्हतं. खिडकीतून कापूस पाहत होते, बोंडं मोजत होते. टण वाजलं तसे चमकले. "एवढ्यात मुक्काम? सूर्य तं डोक्यावर आहे." मी म्हटलं, नवीन टाइमटेबल आलं. एस.टी.च्या माणसाले टाइमटेबल म्हटलं की तो वाद घालत नाही. पण कपाळावर आठी राहिली. दुपारभर उन्हाकडे पाहत होते, मंग माह्याकडे, मंग पुन्हा उन्हाकडे.

खोटं एका माणसाशी बोलली अन् त्याचा दिवसच उलटापालटा करून टाकला, असं मले वाटलं. पण वाटलं तेवढंच. उद्या बी तसंच करीन.

११ डिसेंबर, बुधवार. गांधीग्राम.
गाडी चालली: ११ किलोमीटर. त्यानंतर आणखी ३, ते किशोरनं नाही चालवले.

आजचं पान डाव्या हाताची बाई सांगून राहिली आहे. उजव्याले पट्टी आहे. रागिणी म्हणते, आई, बोलायले हात लागत नाही. खरं आहे. पण मले लागते.

बारा वाजता मी पेला वाजवला. हे जेवले, झोपले. साडेतीनले मीच किशोर अन् रागिणीले म्हटलं, चौकात जा, गूळपट्टी आणा, इथची चांगली असते. पाय मोकळे होतील. चाबी गाडीलेच लटकून होती. मी पाहिली होती.

चारच्या सुमाराले हे उठले. ऊन खाली आलं होतं, तिरपं. यांनी खिडकीतून पाहिलं, अन् मले समजलं की यांची सकाळ झाली. मुक्काम झाला, झोप झाली, उजेड तिरपा. दुसरं काय असन? "पहिली गाडी," म्हणाले, "उशीर झाला." जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसले. चाबी फिरवली. हात स्टेअरिंगवर ठेवून थांबले.

बेलसाठी थांबले होते.

मी ओरडायले पायजे होतं. चाबी काढायले पायजे होती. हे सगळं खरं लिही रागिणी, यात पोट बिघडलं असं काही लिहू नको. मी बाजूच्या सीटवर जाऊन बसली अन् पेला वाजवला. टण टण.

"चला," म्हणाले.

गाडी अशी काढली की पेल्यातलं पाणी हाललं नाही. आलो त्याच रस्त्याले वळवली, अमरावतीकडे. सगळ्या संसारात मी यांच्या गाडीत समोर कधी बसली नव्हती. समोरून रस्ता वेगळा दिसते. आपण त्याच्यावर नाही जात, तोच आपल्याकडे येते.

हे म्हणाले, "बाई, कुठी उतरनार?"

"राजापेठ."

"मी बी तिथीच रायतो."

"घरी कोण आहे?"

"बायको. मी येतो तं झोपेचं सोंग करते. जागी असते."

"सोभावानं कशी आहे?"

"लय बोलते." थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "पण डबा चांगला बांधते."

मी तोंड खिडकीकडे केलं. किती किलोमीटर झाले ते मले माहीत नाही. तीन, असं किशोर म्हणते. मले विचारसान तं तेवढे पुरे होते.

शाळा सुटली होती. पोट्टे-पोरी सायकलींवर रस्त्याच्या कडेनं येऊन राहिले होते. पाच-सहा सायकली आमच्या बाजूनं गेल्या. एका पोरीनं हात केला, यांनी बी केला. त्या गेल्या अन् समोरून ट्रकनं मोठा हॉर्न दिला. यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. हातात चाक होतं, अन् ते काय आहे हे त्याईले समजेना. मी पाहिलं ना त्याईच्या डोळ्यात. खिडकी लागली. "हे काय आहे? हे कोणाचं आहे?"

गाडी रस्ता सोडून कपाशीत उतरली. मी समोर आपटली. तरी यांचा पाय रेसवरच होता. पेला खाली पडला होता, तो मी डाव्या हातानं उचलला अन् दांडीवर मारला. एकदा. टण.

यांनी पाय उचलला.

"बाईले लागलं," म्हणाले. "कंडक्टर कुठी आहे? बाईले रक्त येऊन राहिलं."

शेतातल्या लोकांनी गाडी ढकलून काढली. किशोर कोणाच्या तरी मोटारसायकलवर आला. मले वाटलं ओरडन. ओरडला नाही. आधी बापाच्या अंगावरून हात फिरवला, मंग माह्या हाताले पाहिलं, मंग शेताच्या धुऱ्यावर बसला अन् डोकं गुडघ्यात घातलं. सायकलींची रांग अजून दूर दिसत होती.

मी त्याच्याजवळ जाऊन बसली. म्हटलं, "ती जागा अजून आहे का?"

त्यानं डोकं वर केलं. "माय, तुले माहीत होतं?"

"मले अक्षर येत नाही. कान आहेत. अन् बारा शर्ट मोजता येतात."

"मंग बोलली काहून नाही?"

"तू बोलला?"

तो पोट्टा असताना जसा नाक ओढायचा तसं ओढलं. म्हणाला, "कसं बोलू? काय म्हणू तुले?" मी डाव्या हातानं पदर घेऊन त्याचं नाक पुसलं.

मंग म्हणाला, "उद्या किती चालायचं? तू सांग."

"सगळे. अन् मधात थांबू नको."

१२ डिसेंबर, गुरुवार. अकोला.
गाडी चालली: १७ किलोमीटर, न थांबता.

जागा स्वच्छ आहे. बोर्डावर काय लिहिलं आहे ते मी रागिणीले विचारलं नाही.

तिथच्या लोकांनी वही मागितली. मी म्हटलं, वही देणार नाही, हिच्यात माहे टोमणे आहेत. रागिणी दोन कागदांवर उतरून देईन. मंग बसून तिले सांगितलं. भाकरी मोडून नका देऊ, त्याईले आपल्या हातानं मोडायले आवडते. चहा बशीत द्या. उजव्या कानात बोला, डावा इंजिनाकडे होता, तो गेला. खिडकी पूर्ण लावू नका. चिडले तं "मुक्काम आला" म्हणा, पण सूर्य पाहून म्हणा. दिवसा कोणी म्हणायचं नाही. दिवसा म्हटलं तं काय होते ते मी करून पाहिलं आहे. अन् भगवंतराव म्हटलं तं वळत नाहीत. ड्रायव्हरसाहेब म्हणा.

डॉक्टरच्या त्या नावाच्या ओळीचा अर्थ मले आज समजला.

हा पेला बी ठेवून घ्या म्हटलं. चमचा कोणताही चालते.

यांनी आतमध्ये पलंगांची रांग पाहिली. दाबून पाहिला एक. "डेपोची रेस्टरूम चांगली आहे," म्हणाले. "माह्यासंग कंडक्टर कोण आहे?"

तिथी काम करणारा ओमप्रकाश म्हणून एक माणूस आहे, मोठ्या मिशांचा. तो काहीच न विचारता म्हणाला, "मी आहे, साहेब." त्याच्यासाठी माह्या मनात तेव्हाच जागा झाली. मी यांचा डबा त्याच्या हातात नाही दिला. यांच्या हातात दिला. डाव्या हातानं बांधला होता, गाठ ढिली होती. यांनी गाठ पाहिली अन् आवळली. वळकटी काखेत घेतली.

निघताना हे फाटकापर्यंत आले. गाडीच्या चाकाले लाथ मारून पाहिली. मी समोरच्या सीटवर बसली होती. खिडकीजवळ येऊन म्हणाले, "बाई, तुमी राजापेठच्या ना?"

"हाव."

"आमच्या घरावरून जासान. माही बायको जागी असन. तिले सांगजा, सकाळची पहिली गाडी घेऊन येतो."

"सांगते," म्हटलं.

किशोरचे हात चाकावर होते, पण तो गाडी काढेना. रागिणी मागं तोंडात पदर कोंबून बसली होती. मंग यांनीच हात उचलला अन् गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. धप. धप.

मी म्हटलं, "चल किशोर. डबल बेल झाली."

१३ डिसेंबर, शुक्रवार. अकोला, किशोरचं घर.

इथून तिथवर चार किलोमीटर आहे. रोज चार जायचं अन् चार यायचं, असं ठरवलं आहे. तेवढं मले झेपते.

आज सकाळी पाच-चाळीसले जाग आली. पहिल्या गाडीची वेळ. दार उघडलं नाही. पडल्या पडल्या झोपेचं सोंग केलं.

रागिणी, लिही: निरोप पोचला.